सासऱ्यांचा वन्स मोअर

माझ्या सासऱ्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण मी एका शनिवारी सकाळी, चहा पिता पिता, दोन बटणं दाबून पुसून टाकला.

सासरे म्हणजे अण्णा. चिपळूणजवळच्या खेड्यातले. इथे बहारीनमध्ये, अस्करच्या बाजूला, अॅल्युमिनियमच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं क्रेन चालवली. माणूस इतका हळू बोलणारा, की भाजीवाला 'काय म्हणालात?' असं दोनदा विचारतो. आणि या माणसाला नाद कसला, तर अमेरिकन कंट्री म्युझिकचा! त्यांचा फोरमन अमेरिकेतला होता. त्याच्या पिकअपमध्ये दिवसभर हीच गाणी वाजायची.

"अण्णा, तुम्हाला त्यातलं काय कळायचं?" मी एकदा विचारलं होतं.

"सगळं! माणूस पोटासाठी लांब जातो. दिवसभर गाडी हाकतो. संध्याकाळी घरची आठवण काढतो. म्हणजे आम्हीच की हो, नितीनराव! फक्त टोपी वेगळी."

तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी इथल्या एका क्लबात अमेरिकेहून गाणारे आले होते. फोरमन आपल्या माणसांना घेऊन गेला आणि टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून त्याने सगळा कार्यक्रम टेप केला. तिसरं गाणं असं रंगलं, की अण्णांना राहवेना. तिकडचे लोक शिट्ट्या मारतात, टोप्या उडवतात. पण अण्णा वाढले गावच्या जत्रेतल्या संगीत नाटकांवर. ते खुर्ची मागे सारून उठले आणि ओरडले, "वन्स मोअर!" गायक थांबला, हसला आणि तेच गाणं पहिल्यापासून परत म्हणाला! एका अमेरिकन माणसाने चिपळूणच्या माणसाच्या शब्दाला मान दिला, हे अण्णांना पुढे जन्मभर पुरलं.

या गोष्टीवर जगातल्या एकाच माणसाचा विश्वास नव्हता. गावडेकाका. त्या दिवशी कंपनीची बस घेऊन तेच आले होते आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर बसले होते.

"थापा मारू नको रे अण्णा," ते म्हणायचे. "तू ओरडलास? तुला बसमधून उतरायचं असलं तरी शेजारच्याला सांगावं लागायचं. आवाज-बिवाज मफी!" (मफी म्हणजे नाही. बहारीनमध्ये आल्यावर माणूस पहिल्या आठवड्यात हाच शब्द शिकतो, कारण तोच सगळीकडे ऐकू येतो.)

फोरमनने देश सोडताना ती कॅसेट अण्णांना दिली, तोवर गावडेकाका मुहर्रकला दुसऱ्या नोकरीवर गेले होते. पुढे अण्णा चिपळूणला परतले, त्यांचा टेपरेकॉर्डर बंद पडला आणि पुरावा कपाटात पडून राहिला. यंदा अण्णा सत्तरीचे झाले. मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना इथे बहारीनला, आमच्या झिंजच्या घरी बोलावून घेतलं आणि शुक्रवारी दुपारी जेवणाचा बेत ठरवला. अण्णांनी मोज्यात गुंडाळलेली कॅसेट बॅगेतून काढून माझ्या हातात ठेवली.

"ही मोबाइलमध्ये घाला. शुक्रवारी गावड्याला ऐकवायची. कबूल झालाय तो. माझा आवाज निघाला, तर सगळ्यांसमोर उभा राहून 'अण्णा खरं बोलत होता' म्हणणार आहे."

"आणि नाही निघाला तर?"

"तर मी ही गोष्ट परत कुणाला सांगायची नाही." अण्णा हसले. "पण निघणारच की!"

मी बँकेत कॉम्प्युटरच्या खात्यात काम करतो. त्यामुळे ज्या वस्तूला वायर आहे ती मला दुरुस्त करता येते, असा सासरवाडीत समज आहे. (तो मीच पसरवला आहे.) मुहर्रकच्या जुन्या बाजारातून एक कॅसेट प्लेयर मिळवला, लॅपटॉपला जोडला, दोन्ही बाजू नीट उतरवून घेतल्या. त्यानंतर प्लेयरने कॅसेट परत द्यायला नकार दिला. मी ओढली. फीत शेवयांसारखी बाहेर आली आणि तुटली. तरी मी घाबरलो नाही. फाइल होती ना!

इथेच थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण फाइलमध्ये केवढी खरखर! कुणी खोकतोय, कुणाची खुर्ची सरकतेय, ग्लास आपटताहेत. म्हटलं, सासऱ्यांना अशी कळकट वस्तू द्यायची? एक अॅप उतरवलं. त्याने विचारलं, 'नको असलेले आवाज काढू?' म्हटलं, काढ. मग विचारलं, 'एक भाग दोनदा आला आहे, दुसरा काढू?' म्हटलं, मशीन अडकलं असणार, तोही काढ. मग जागा वाचवायला मूळ फाइल पुसली आणि कचरापेटीही रिकामी केली. आमच्या घरात प्लास्टिकच्या पिशव्या तीन तीन वर्षं गादीखाली जपून ठेवतात, पण नेमकी ही एक गोष्ट मी तत्परतेने फेकून दिली.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा अण्णांचा वन्स मोअर आठवला नाही? नाही आठवला. ती गोष्ट मी लग्नापासून शंभरदा ऐकली होती, आणि शंभरदा ऐकलेल्या गोष्टीला जावई फक्त मान हलवतो.

गुरुवारी संध्याकाळी अण्णा फिरायला गेल्यावर मी मोठ्या ऐटीत मृणालला ती फाइल ऐकवली. गायक असा स्वच्छ ऐकू येत होता, जसा काही आमच्याच हॉलमध्ये एकटा बसून गातोय.

"तिसरं गाणं संपलं ना?" मृणाल म्हणाली. "मग अण्णांचा आवाज कुठाय?"

मी फाइल थोडी मागे-पुढे सरकवून पाहिली.

"आणि ते गाणं परत म्हटलं होतं ना त्याने?"

"ते... दोनदा होतं. म्हणून मी एक काढलं."

"काढलं?"

"मूळ फाइलही काढली."

मृणाल ओरडते तेव्हा मी निर्धास्त असतो. पण त्या दिवशी तिने शांतपणे गॅस बंद केला आणि मला दरदरून घाम फुटला.

उपाय एकच होता. गाणं कॉपी करून दोनदा जोडायचं आणि मधे वन्स मोअर घालायचा. अण्णांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ओरडायचं मीच. क्लबासारखा घुमणारा आवाज हवा, म्हणून बाथरूममध्ये! मी आत, दाराबाहेर मोबाइल धरून मृणाल.

"वन्स मोअर!"

"अण्णा असे घाबरून ओरडले नव्हते. परत."

"वन्स मोअर!"

"बाबा, यू साउंड सो सॅड," आमची ईरा म्हणाली. दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण माझा अपमान ती इंग्रजीतच करते.

अर्धा तास हे चाललं. मग बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे थॉमसभाई, हातात बाटली.

"नितीनभाई, सब ठीक है? आधे घंटे से आप बाथरूम में 'वन्स मोर, वन्स मोर' चिल्ला रहे हैं. वाइफ ने जीरा-पानी भेजा है. एकदम क्लिअर हो जाएगा."

खरं काय ते सांगण्यापेक्षा जिऱ्याचं पाणी पिणं सोपं होतं. मी त्यांच्यासमोर अख्खी बाटली प्यायलो.

शुक्रवारी दहा-बारा माणसं जमली. जेवणं चालू होती. अण्णा नव्या शर्टात, समोर गावडेकाका, हातात श्रीखंडाची वाटी.

"यल्ला, चल, लाव रे नितीन," गावडेकाका म्हणाले.

मी लावलं. पहिल्याच गाण्याला अण्णा चुळबुळ करायला लागले.

"माणसं कुठे गेली सगळी?"

"अण्णा, क्वालिटी सुधारली."

"इथे फोरमनचा खोकला होता. आणि दोस्तांची बडबड. नितीनराव, हे असलं गाणं दुकानातही मिळतं. त्यात आमची माणसं होती म्हणून तर ही टेप!"

मी ताक वाढायला उठलो. ताक कुणालाच नको होतं. तेवढ्यात तिसरं गाणं संपलं आणि स्पीकरमधून माझा आवाज आला.

"वन्स मोअर..."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण गावडेकाकांनी हात वर केला. "परत लाव." परत लावलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा मलाही स्पष्ट ऐकू आलं, की मागे नळ ठिबकतोय.

"काय रे अण्णा," गावडेकाका म्हणाले, "त्या क्लबात स्टेजला नळ होता काय? आणि हा माणूस वन्स मोअर मागतोय, की पोलिसाला 'मला सोडून द्या' म्हणतोय?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मी सगळं कबूल केलं. फीत, अॅप, कचरापेटी, बाथरूम, जिऱ्याचं पाणी, सगळं.

"तो फोरमन आता हयात नाही हो, नितीनराव," अण्णा इतक्या हळू म्हणाले, की पलीकडच्यांना ऐकू गेलं नसेल. "तेवढा खोकलाच होता त्याचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने मला मुलगी दिली, त्याची एकुलती एक मौल्यवान वस्तू मी साफसफाईत घालवली होती. वर आता ती गोष्टही त्यांना कधी सांगता येणार नव्हती.

जिंकूनही गावडेकाकांना चैन पडेना. वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "जाऊ दे रे. टेप खलास, तर खलास. तू तर आहेस ना? आत्ता ओरडून दाखव. लाव रे ते गाणं."

मी तिसरं गाणं परत लावलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. बोटं मांडीवर ताल धरत होती. शेवटचा सूर थांबला, अण्णांनी खुर्ची मागे सारली आणि उठले.

"वन्स मोअर!"

काय आवाज तो! कपाटातल्या कपबशा हलल्या. खाली कुणाच्या तरी गाडीचा अलार्म सुरू झाला. ईरा मराठीत "आई गं!" म्हणाली.

गावडेकाका अर्धे उठले होते.

"हा मी ऐकलाय!" ते ओरडले. "त्या दिवशी! मी बसमध्ये डुलक्या काढत होतो, दचकून स्टिअरिंगवर डोकं आपटलं. मला वाटलं, क्लबाच्या स्वयंपाकघरात कुणाच्या पायावर उकळतं तेल सांडलं. अण्णा, तो तू होतास? अरे, मी अजून मनात म्हणायचो, त्या बिचाऱ्या आचाऱ्याचं पुढे काय झालं असेल!"

आणि मग ठरल्याप्रमाणे ते सगळ्यांसमोर ताठ उभे राहिले. "अण्णा खरं बोलत होता," ते म्हणाले. अण्णांनी त्यांना मिठी मारली. दोघांचे डोळे ओले झाले आणि मी ताकाचं भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

अण्णांनी मला माफ केलं, पण फाइल मात्र पुसू दिली नाही. "राहू दे," म्हणाले, "मेहनत केलीय तुम्ही." आता चिपळूणला ओटीवर चार माणसं बसली, की अण्णा ती मोबाइलवर लावतात. आधी गाणं, मग माझा आवाज, मग नळ. लोक पोट धरून हसतात, चहा थंड होतो, आणि अण्णा त्यांच्या हळू आवाजात सांगतात, "हे आमचे जावई. त्या दिवशी माझ्याऐवजी हे क्लबात असते, तर गायक गाणं परत म्हणाला नसता. चालू गाणं थांबवून आधी डॉक्टर बोलावला असता."