क्लॅरीच्या पंपाचा प्लग

टंबरी गावात उन्हाळा डिसेंबरात लागे; पण लोक उन्हाळ्यापेक्षा मर्ल ट्रेगेन्झाला जास्त घाबरत. वय एकाहत्तर, गावच्या वणवा-दलातली सर्वांत जुनी स्वयंसेवक. शिडी घेऊन ती दारोदार फिरे, छपराच्या पन्हळीतला निलगिरीचा पाचोळा ओंजळभर काढी आणि घरमालकाच्या हातात ठेवी. "घे तुझं सरपण. स्वतःच्याच घराला लावायला साठवलंयस ना?" पाद्रीबाबांनाही तिनं सोडलं नव्हतं.

शेजारचा क्लॅरी ऑट्री मात्र तिला पुरून उरला होता. पन्हळी स्वच्छ, टाकी भरलेली, शेजारी पेट्रोलवरचा पंप. "वणवा येऊ दे नाहीतर त्याचा बाप, मी हलणार नाही," तो सांगे. "मी आहे आणि माझा पंप आहे."

"आणि गुडघे? ते कुठं आहेत?" मर्ल विचारी.

जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला, टेकडीमागून धूर चढला आणि गाव सोडायचा हुकूम झाला. सगळे फुटबॉलच्या मैदानाकडे निघाले. क्लॅरी हटून बसला. त्याला न्यायला आलेल्या मर्लनं त्याच्याकडे चहा मागितला. तो किटली ठेवायला आत वळताच तिनं पान्यानं पंपाच्या इंजिनातला प्लग काढला, वरची टोपी पुन्हा जागच्या जागी बसवली. नंतर त्यानं पंप सुरू करायची दोरी दहा वेळा ओढली, पंप ढिम्म. शेवटी शिव्या देत तो तिच्या गाडीत बसला. तासाभरात त्याचं घर, गोठा, कुंपण, सगळं जळून गेलं.

मग शेजारधर्माला ऊत आला. घरोघरहून भाजलेल्या मटणाचे इतके डबे आले की क्लॅरीच्या कुत्र्यानंही तोंड फिरवलं. शहरातून आलेल्या कपड्यांत त्याच्या मापाचा एक नाचाचा चमकीवाला कोट तेवढा निघाला. तो घालूनच क्लॅरी खांब ठोकी आणि पंप विकणाऱ्याचा उद्धार करी. ते ऐकून मर्ल स्वतःलाच विचारी, पंप चालला असता तर घर वाचलं असतं का?

जूनमध्ये कुंपणाची तार ताणताना तिनं प्लग त्याच्यापुढे धरला. "मीच काढला होता. घाल काय घालायच्या त्या शिव्या."

क्लॅरीनं पक्कड खाली ठेवली. "ठाऊक आहे. दोरी इतकी हलकी आली की आत प्लग नाही हे तेव्हाच कळलं. दुसरा प्लग माझ्या खिशातच होता."

"मग लावला का नाहीस, गाढवा?"

"घाबरलो होतो गं," तो हळूच म्हणाला. "वीस वर्षं बढाया मारल्यावर पळणार कसा? तू सोय केलीस. आता हे कुणाजवळ बोलू नकोस. पंपच बिघडला होता."