ठकीचं अंडं

खुडूक कोंबडीखाली सात अंडी ठेवली, तेव्हा मुलांनी प्रत्येकावर पेन्सिलीने एकेक नाव लिहिलं. मी अडवायला हवं होतं. बारशाआधी नाव ठरवू नये, असं माझी आई म्हणायची. पण नावाशिवाय वाट तरी कुणाची बघायची?

विसाव्या दिवशी परातीत कोमट पाणी घेऊन मी अंडी अलगद त्यात सोडली. आत पिल्लू जिवंत असेल तर अंडं आपोआप हलतं. पाणी स्थिरावलं तशी सहा अंडी डुलायला लागली. धाकट्या रेवाची 'ठकी' तेवढी हलेना.

"झोपली असेल," रेवा म्हणाली. थोरल्या ओंकारने बोटाने ते अंडं हलकेच ढकलून पाहिलं.

ओंकारच्या पाठीवर, रेवाच्या आधी, मला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीच्या पडद्याकडे मी अशीच बघत पडले होते. डॉक्टर पोटावरून यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत होत्या आणि पडद्यावर काही हलत नव्हतं. आम्ही नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

परातीतलं पाणी निवायला लागलं, तशी सहा अंडी पुसून मी कोंबडीखाली परत ठेवली. सातवं परसात अळूच्या कडेला पुरलं.

परवा सहाही पिल्लं बाहेर आली. कवचांचे तुकडे झाले, कुठलं नाव कुणाचं ते कळेना. त्यातलं एक तळहातावर घेऊन रेवा म्हणाली, "आई, हीच ठकी. नाव रिकामं कशाला ठेवायचं?"

मी हो म्हटलं. रेवा हे नावही असंच रिकामं राहिलेलं होतं. तिला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.