भवरकडी

आमच्या गल्लीत, भवानी पेठेत, एक निवृत्त खलाशी राहायचे. घर विणकरांचं, मातृभाषा तेलुगू, पण तीस वर्षं जहाजांवर काढून आलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. परतल्यावर त्यांनी भावाच्या मागाच्या खोलीला लागून एक होडी बांधायला घेतली. शिडाची, आणि दोन माणसं आडवी होतील एवढी बंदिस्त खोली असलेली. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, हिप्परग्याचा तलाव पुन्हा भरला होता. आधी तिथं फिरवायची, मग भीमेवरचं धरण भरलं की तिकडं न्यायची आणि दोन-दोन दिवस पाण्यावरच राहायचं, असा त्यांचा बेत. गल्लीत या बेतावर हसणं चाले. चहाच्या टपरीवर मीही हसलो आहे.

मी तेव्हा तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायचो. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, म्हणून नांगराचं सामान आणायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. "मास्तर, तुमी शिकलेले, तुमाला माल नीट दावतील," म्हणाले आणि मला समोर बसवून एकेक गोष्ट समजावली. नांगराला लागून साखळीच हवी, दोरी नव्हे. साखळी जड असते, तळाशी पडून राहते, मग ओढ आडवी बसते आणि नांगर मातीत रुततो. कड्या आखूड हव्यात, गिरणीतल्या चेनपुलीला असतात तशा. तिच्यापुढं नायलॉनची दोरी, कारण ती ताणते आणि होडीला झटका बसू देत नाही. आणि साखळी-दोरीच्या मधे भवरकडी, स्वतःभोवती फिरणारी जोडकडी, म्हणजे होडी कितीही फिरली तरी पीळ पडत नाही.

"भवरकडी घडीव बघा बरं का," ते म्हणाले. "रिव्हेट मारलेली नको. सगळा जोर तिच्यावरच येतो की."

दुसऱ्या दिवशी मी नवी पेठेतल्या एका लोखंडाच्या दुकानात गेलो. गर्दी होती. मी म्हटलं, "नांगराला साखळी पाहिजे."

दुकानदारानं मान वर केली. "नांगराला? मग बैल कशाला हायत?"

सगळे हसले. दोघं-तिघं तर आमच्या शाळेतल्या मुलांचे वडील होते. होडीचा नांगर, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण सोलापुरात होडी म्हटल्यावर ते आणखी हसतील, 'त्या म्हाताऱ्याची का?' म्हणतील, या भीतीनं माझी जीभ अडखळली.

"म्हशीला हो," मी म्हणालो. "चुकून बोललो."

त्यानं लगेच म्हशीची साखळी काढून दिली, तिच्यासोबत भवरकडीही. साखळी बरी जाड होती. भवरकडी मात्र रिव्हेटची. मला ती तिथंच दिसली. बदलून द्या म्हणायला पुन्हा बोलावं लागलं असतं. मी ती पिशवीत टाकली आणि बाहेर पडलो.

मामांनी साखळीची एकेक कडी बोटांनी चाचपली आणि मान डोलावली. भवरकडीवर त्यांचा अंगठा थांबला.

"हितं काय लागतंय? रिव्हेट न्हाई ना?"

"नाही मामा, घडीव आहे. जोडाचा उंचवटा राहिलाय जरा. घासून, रंग लावून आणतो."

ती वर्कशॉपमध्ये नेऊन मी रिव्हेटचं डोकं कानशीनं सपाट केलं. ज्या डोक्याच्या आधारावर ती कडी टिकून होती, तेच. मी रोज मुलांना रिव्हेटिंग शिकवायचो, मला हे कळत नव्हतं असं नाही. तलावात एवढा कसला जोर येणार, अशी मनाची समजूत घातली. वरून काळा रंग दिला. मामांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता झ्याक."

चैत्रातल्या एका रविवारी आम्ही तिघं तलावावर होतो. मामा, मामी आणि मी. बांधापासून थोड्या अंतरावर मामांनी नांगर टाकला, दोरी भरपूर सोडली. मामींनी आणलेली भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन झाली. दुपार कलताना वळवाचा वारा उठला. होडी दोन-तीनदा गर्रकन फिरली, दोरी ताणली, आणि एकदम सैल पडली.

"नांगर सुटला!" मामा ओरडले. शीड उभारायला वेळच मिळाला नाही. होडी बांधाच्या दगडांवर गेली. मामींनी सावरायला हात बाहेर काढला आणि तो होडीचा काठ आणि दगड यांच्यामधे सापडला.

आम्ही त्यांना वर घेतलं. उजव्या हाताची दोन बोटं चेचली होती. मामांनी आपल्या धोतराचा सोगा फाडून त्यांना बांधला आणि मला म्हणाले, "दोरी ओढा. टोकाला काय हाय बगा."

मी दोरी ओढली. टोकाला अर्धी भवरकडी लोंबत होती, मामांची गाठ जशीच्या तशी घट्ट. मामांचे डोळे माझ्याच दिशेला होते, पण त्यांना एवढं बारीक दिसत नव्हतं. मी गाठ सोडली, तो तुकडा पाण्यात टाकला.

"काही नाही मामा. गाठ सुटली."

ते मामींच्या शेजारी बसून राहिले.

मामी विड्या वळायच्या. ती दोन बोटं पुढं वाकलीच नाहीत, वळणं बंद झालं. होडी मामांनी तलावावरच्या मासेमाऱ्यांना देऊन टाकली. गल्लीत कुणी विचारलं की ते सांगत, "माजीच गाठ सुटली. हात ऱ्हायला न्हाई आता." मी शेजारी उभा असलो तरी असंच सांगत.

दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते ओट्यावर तीच दोरी घेऊन बसू लागले. एका कडीला गाठ मारायची, पायानं रेटून ओढायची, सोडायची, पुन्हा मारायची. कुठं चुकलं ते त्यांना शोधायचं होतं. शाळेत जाता-येता मला ते दिसायचं. आठवडाभर मी दुसऱ्या गल्लीनं गेलो. मग एका संध्याकाळी जाऊन समोर बसलो आणि दुकानापासून पाण्यात टाकलेल्या तुकड्यापर्यंत सगळं सांगितलं.

त्यांनी मधे एकदाच विचारलं, "रिव्हेट पुरतं घासलं?"

"हो."

दोरी तिथंच टाकून ते आत गेले. मामी दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बोटं गेली ती गेली," त्या म्हणाल्या. "पण हे सात महिने सोताला खात बसलेत. तुमाला दिसत नव्हतं व्हय?"

"दिसत होतं," मी म्हणालो.

त्याही आत गेल्या. मी बराच वेळ ओट्यावर बसलो. कुणी बाहेर आलं नाही.

आता सगळ्या गल्लीला कळणार, शाळेतही कळणार, असं धरून मी कित्येक दिवस मान खाली घालून चालायचो. मामांनी कुणालाच सांगितलं नाही. भेटले की बोलायचे, मुलांची, शाळेची चौकशी करायचे. होडीचा विषय त्यांनी माझ्यापाशी कधी काढला नाही, मला पुन्हा कुठलं काम सांगितलं नाही.

काही वर्षांनी ते गेले. त्या दिवशी त्यांच्या दारात बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "माणूस भला होता, पण एवढी जहाजं हिंडून शेवटी साधी गाठ मारता आली न्हाई बगा." दोघांनी माना हलवल्या. मामी आत होत्या, मधे नुसता पडदा होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी चहा पुढं केला, आणि मी तो घेतला.