काडीमामांचा लाल डबा

कारखान्याच्या दारात काडीमामा आमचे खिसे चाचपायचे. काडेपेटी सापडली की काढून घ्यायचे, नाव त्यावरूनच पडलं. टॉवेलच्या कारखान्यात कापसाची लव उडत असते, वायरींवर जाऊन बसते. मामा मुकादम, तरी स्वतः झाडू घेऊन ती काढायचे. म्हणायचे, "आग काय भोंगा वाजवून येत न्हाय, बाबांनो."

एकदा लव पेटली. आम्ही सगळे पळालो. मामांनी एकट्यानं भिंतीवरचे आग विझवायचे दोन्ही लाल डबे फवारून ती विझवली. त्या वर्षी माझ्या बायकोनं, सुमननं, त्यांना राखी बांधली. ती शिलाईवर होती, मी मागावर. ती त्यांना दादा म्हणायची, ते मला दाजी. आमच्याकडं मटण झालं की मामा जेवायला असायचेच. "दाजी, माझ्या बहिणीला तिखटाचा हात आवरायला सांगा की," म्हणायचे आणि परत रस्सा मागायचे.

खंडेनवमीला मागांची पूजा व्हायची. लाल डब्यांनाही हळदकुंकू, झेंडूचा हार. मामा डब्यांना कुणाचा हात लागू देत नसत. "पूजेचं हाय, हलवायचं न्हाय." शिकवायचे ते लांबूनच. "पळायचं न्हाय. पिन वढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची." सुमन घरी लाटणं धरून मला तसं करून दाखवायची. मी हसायचो.

माझे गुडघे गेले, मी घरी बसलो. ती जात राहिली. यंदा उन्हाळ्यात वायर जळाली आणि लव पेटली. बाकीच्या बायका बाहेर पळाल्या. सुमन डब्याकडं गेली. ती परत आलीच नाही.

तेराव्याला मामा आले. खाली मान घालून बसले.

"दाजी, डबे रिकामेच हुते. त्या पयल्या आगीपासनं भरलेच न्हाईत. मालकाला लई येळा सांगितलं की."

"मालकाला सांगितलंस. तिला का न्हाय सांगितलंस?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं.

"नोकरी गेली असती, दाजी."

तेव्हा कळलं, डब्याला हात का लावू देत नव्हता. उचलणाऱ्याला तो हलका लागला असता. सुमननं उचलला तेव्हा तिला तो हलका लागलाच असणार. माझं मन तिथून पुढं जात नाही.

लोक म्हणतात, माणूस वाईट नव्हता. मीही तेच म्हणत होतो.

परवा नव्या पेठेत कापडाच्या दुकानात तसाच डबा दिसला. खुंटीवरून काढून हातात तोलला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, ठेवा की तो. काय करताय?"

जड होता. तरी विश्वास बसला नाही.