बारा सेकंदांच्या अलीकडे

मी वीणेचे पडदे, म्हणजे तारेखालच्या सुरांच्या पट्ट्या, मेणात बसवायचो तेव्हा माझी बायको दारात बसायची, हे आमच्या गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. मी तार छेडायची, पडदा सरकवायचा. चुकला तर भाजी चिरता चिरता ती "उतरलाय" नाहीतर "चढलाय" म्हणायची. बरोबर असला तर काहीच म्हणायची नाही. तिच्या त्या गप्प बसण्यावर मी जन्मभर वीणा विकल्या, आणि कान माझा म्हणून मिरवलो.

सुनेनं दुकानाचं पान इंटरनेटवर केलं, त्यात माझा काम करतानाचा जुना व्हिडिओ बसवला. संपला की आपोआप पुन्हा सुरू होणारा. सुरुवातीलाच बायकोचा आवाज, "उतरलाय. किती वेळा सांगू?" गिऱ्हाइकानं हे ऐकलं तर माझं नाव काय राहिलं? सुनेला म्हटलं, बाराव्या सेकंदापासून दाखव. चौथीपर्यंतच शिकलोय, पण सेकंद मोजता येतात मला.

तिनं आकडा घातला. पहिल्या फेऱ्याला ठीक. दुसऱ्या फेऱ्याला बाई पुन्हा हजर. तिनं आकडा बदलला, शेवटाचाही घातला, फोनवर बघितलं, कॉम्प्युटरवर बघितलं. तेच. तुला जमत नाही, मी म्हणालो. राग गिळून तिनं समजावलं की तो आकडा पहिल्या वेळेपुरताच चालतो. फेरा फिरला की व्हिडिओ आपल्या मूळ सुरुवातीला जातो. नको तो भाग कापून नवा व्हिडिओच चढवावा लागेल.

"काप," मी म्हटलं. फणसाच्या लाकडात किडकी गाठ निघाली की आम्ही तेवढं लाकूडच काढतो.

दुपारी कापलेला व्हिडिओ लावून तिनं फोन माझ्यापुढे ठेवला. मेण वितळत होतं, त्याचा गोडूस वास भरला होता. एक फेरा, दुसरा, दहावा. कुठं सुरू होतं, कुठं संपतं, कळेना. माझाच हात मला पाण्याखालचा, परक्याचा वाटायला लागला. तार वाजायची, पडदा धरून तो म्हातारा दाराकडे मान वळवायचा, थांबायचा. दाराकडून काही यायचं नाही. पुन्हा तार. पुन्हा मान.

बायको शेजारी येऊन बसली. दोन वर्षं झाली, तिला ऐकू येत नाही. तीन-चार फेरे बघून तिनं विचारलं, "अहो, यात कोणाची वाट बघता?"

मी तिच्याकडे बोट केलं.

"मग मी कुठाय?"

सुनेला हाक मारून सांगितलं, आधीचाच लाव, आणि तो बाराचा आकडाही काढ.

"मामंजी, लोक ऐकतील."

ऐकू देत, म्हटलं.

पुढं पापनाशमहून वीणा शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. व्हिडिओत रागावतं ते कोण, त्यांनी विचारलं. माझी बायको, म्हटलं. पडदे तिच्या कानानं बसायचे.

"आणि आता?"

आता तिला ऐकू येत नाही, मी एकटा बसवतो, म्हटलं. या, वाजवून बघा, पटली तर न्या.