समोरचं शेत
पंपावर टाकी भरताना पेट्रोलचा वास नाकात गेला, की मला अजून ते शेत दिसतं. कल्याणबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर आम्ही दोघं मित्र विमान चालवायला शिकत होतो. त्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण, म्हणून त्याची आई गावाहून नारळ घेऊन आलेली. "मावशी, त्या समोरच्या शेतात उभ्या राहा, तो तुमच्या डोक्यावरूनच जाईल," असं मीच सांगितलेलं. विमान उठलं, झाडांच्या वर गेलं आणि इंजिन एकदम गप्प झालं. अशा वेळी नाक खाली करून सरळ समोरच्या शेतात उतरायचं, मागे अजिबात वळायचं नाही, हे आम्हाला झोपेतही पाठ होतं. "सरळ जा रे, सरळ!" मी खालून ओरडत राहिलो. त्याला समोर आई दिसली असणार. तो वळला, वेग संपला, एक पंख कलला आणि विमान दगडासारखं पडलं; शेतभर पेट्रोलचा वास पसरला. कापलेल्या भाताची धसकटं तुडवत मावशी अनवाणी धावत आल्या, नारळ हातातच. "मागं का वलला रं त्यो?" आज त्या नव्वदीला आल्यात. अजूनही तेच विचारतात, आणि मी अजूनही एवढंच सांगतो, "इंजिन बंद पडलं, मावशी."