नाव नसलेली पूड

यात्रेत उडवायचा आमच्या गावचा नळा, म्हणजे दारूचं झाड, कधी बाहेरून आला नाही. आजूबाजूची गावं यात्रेसाठी देऊळगाव राजाहून, नाहीतर थेट जालन्याहून तयार दारूकाम आणत. आम्ही आमचं आमच्या हातानं करायचो. दारू म्हणजे शोभेची. पिण्याच्या दारूशी माझा संबंध कधी आला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण हा विषय काढला की घरातल्या सुना तोंडाला पदर लावतात.

मी शाळेत फार गेलो नाही. अक्षरं जुळवता आली तेवढ्यात बैल मागे लागले. पण देऊळगावात एक म्हातारे उस्ताद होते, दारूकामवाले, त्यांच्यापाशी मी जाऊन बसायचो. कुंभाराच्या मातीच्या नळ्यातून सोन्याचं झाड उभं करायचं कसं, हे त्यांनी दाखवलं. त्याआधी चपला काढायला शिकवलं. चपलेच्या तळाला खिळे असतात, खिळा दगडावर घासला की ठिणगी. त्यांचं एक बोलणं होतं, "जिसका नाम नहीं, उसका काम नहीं." जी वस्तू काय आहे ते ठाऊक नाही, ती हातात घ्यायची नाही.

आमचं काम गावाबाहेर, शेतातल्या खळ्यावर चाले. बिड्या आणि आगपेटी बांधावरच्या बाभळीला पिशवीत टांगून मग आत यायचं. भांडी लाकडाची, लोखंड नाही. ज्याचं त्याचं भांडं वेगळं, घागर भरलेली, आणि काम थोडं थोडं. गावचा पाटील आला तरी त्याची बिडी बाभळीलाच. तो चिडायचा, पण टांगायचा. परवाना तालुक्याहून काढलेला असे आणि शोरा-गंधक जालन्याच्या एकाच दुकानातून, तेही बैलगाडीनं. येष्टीत माणसं बसतात, दारूचा माल नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. आमच्याकडे रीत अशी की चैत्रातल्या देवीच्या यात्रेत पहिला नळा गावाच्या सगळ्यात नव्या जवायानं पेटवायचा. म्हणजे त्या साली नळा माझा आणि पेटवणार माझाच जवाई. आईला आभाळ ठेंगणं झालं होतं.

या कामात माझा जोडीदार गावचा सुतार होता. माणूस हौशी, पण जिभेला हाड नाही. लग्नाच्या मांडवातच त्यानं जवायाला सांगून टाकलं, "तुमचा नळा हिरवा निघीन, जवाईबापू. सोन्यासारखा तं सगळ्याईचाच निघते." जवायानं ते आपल्या गावात सांगितलं. तिथली माणसं यात्रेला गाड्या जुंपून यायची ठरली.

यात्रा जवळ आली तसा सुतार जालन्याला जाऊन आला. शोरा-गंधक आम्ही आधीच आणलं होतं, हा गेला रंगासाठी. खळ्यावर येऊन त्यानं धोतराच्या सोग्यातून कागदाची पुडी काढली. आत पांढरट पूड.

"हे काय आहे बे?"

"हिरवं निघते याच्यानं."

"नाव काय याचं?"

"नाव काय करतं? हिरवं निघते म्हन्लं ना."

"देल्लं कोनी?"

"आपल्या दुकानाले कुलूप होतं. बाजूच्या बोळीत एक रंगवाला आहे, कपड्याच्या रंगाचा. त्यानं देल्लं."

"गंधकासंगं चालते का हे?"

सुतारानं कान खाजवला. "ते नाही इचारलं."

"अन् आनलं कशात?"

तो बाभळीकडे पाहू लागला. म्हणजे येष्टीत. मांडीवर पुडी, बाजूला कोणाची तरी बायको लेकरू घेऊन. माझं डोकं फिरलं. पुडी मडक्यात वाळूवर ठेवली, झाकण घातलं आणि मडकं खळ्यापासून लांब, सावलीत नेऊन ठेवलं.

"हिरवं होनार नाही," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोचली. आई चुलीपुढून उठली. "जवायाचा मान आहे तो. त्याच्या गावासमोर त्याचं तोंड पाडशीन तं तो पोरीले धाडीन का मंग? एका पुडीसाठी तिचं माहेर तोडतं?"

"त्याच्या हातानं पेटवाचं आहे, माय. हात जवायाचा आहे."

"सुतार म्हन्ते काही होत नाही."

"सुताराले मालूम नाही. मले बी मालूम नाही. ज्याले मालूम नाही त्यानं होत नाही कसं म्हनाव?"

आईनं त्या दिवशी माझ्या ताटात भाकर वाढली, पण तोंड फिरवून.

दुसऱ्या दिवशी मी गाडी जुंपली आणि मडकं घेऊन जालन्याला गेलो. बोळीतला रंगवाला सापडला. मी विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, "मले काय माहीत भाऊ? एक फिरता मानूस ठेवून गेला. हिरवं म्हने, म्हनून म्या हिरवं म्हन्लं." म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक नाही, आणणाऱ्याला नाही, आणि जवायानं ते जवळ उभं राहून पेटवायचं.

आमचं दुकान तोवर उघडलं होतं. म्हाताऱ्या दुकानदारानं मडक्याचं झाकण उचललं, पाहिलं, परत ठेवलं. "ओळखीचं नाही. माझ्यापाशी राहू द्या, मी सरकारी माणसाच्या हवाली करतो. आणि तुमच्या गंधकाच्या कामात असलं काही कधी घालू नका. नुसत्या रगडण्यानं पेट घेणाऱ्या जाती असतात." मी रिकाम्या हातांनी परत आलो आणि मला हलकं वाटलं.

पण हिरवं नाही म्हणून नळा लुळा असावा, हेही मला मंजूर नव्हतं. गावच्या लोहाराकडे गेलो. त्याच्याकडे उसाचा मोडका चरक पडला होता. त्याचा कीस करून घेतला. लोहार म्हणाला, "दारूत लोखंड नको म्हन्तं ना तू?" मी म्हटलं, "भांड्यात नको. फुलांत पाहिजे."

यात्रेच्या दिवशी जवाई आला तो टेरिलिनचा सदरा घालून. तेव्हा त्याची नवी नवी हवा होती. पोरं हात लावून पाहत होती.

"जवाईबापू, सदरा काढा."

"काऊन?"

"ठिनगी पडली तं हा वितयून आंगाले चिकटते. सुती घाला."

मी माझी बंडी काढून दिली. तो सडपातळ, मी असा. बंडी त्याच्या गुडघ्यापर्यंत आली. त्याच्या गावची माणसं पोट धरून हसली. तो लालबुंद होऊन मोठ्यानं म्हणाला, "साळेबुवा, हिरवं बी नाही, सदरा बी नाही. मंग जवाई काऊन बलावला?"

आईनं डोळे मिटले. मी फक्त लांब बांबू त्याच्या हातात दिला, टोकाला पेटती वात होती. "तोंडावर वाकू नका. बाजूनं उभे राहा. पेटला की पाठ न दाखवता मागं या."

एवढं मात्र त्यानं मी सांगितलं तसंच केलं.

नळा आधी फुसफुसला. कोणीतरी ओरडलं, "हिरवं कुठी आहे बे?" आणि मग तो उठला. देवळापुढचा लिंब आमच्या गावात सगळ्यात उंच. नळा त्याच्या शेंड्याच्याही वर गेला आणि चरकाच्या लोखंडाची फुलं अशी फुटली की लिंबाला सोन्याचा मोहोर आल्यासारखा दिसला. उस्ताद असते तर त्यांनी मान हलवली असती, एवढंच. ते तोंडानं कोणाला शाबास म्हणत नसत.

जवाई मात्र सकाळी चहा न घेता गाडीत बसला, बहिणीला घेऊन निघून गेला. आई दारात उभी राहिली. मला म्हणाली, "झालं समाधान?" मी म्हटलं, "हो."

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. आईनं पुरणाची तयारी केली, पण रस्त्याकडे पाहणं टाळत होती. दुपारी दारात गाडी थांबली. बहीण उतरली. मागून जवाई उतरला, अंगात माझीच बंडी. खांद्यावर ठिणग्यांनी पडलेली बारीक काळी भोकं.

"साळेबुवा," तो म्हणाला, "ही बंडी वापस द्याले नाही आलो, सांगून ठेवतो. माह्या गावात हिचे भोकं मोजाले मानसं येतात."

"ठेवा मंग."

"अन् पुढच्या साली हिरवं?"

"त्याचं नाव काय ते इचारून या," मी म्हटलं, "मंग पाहू."

आईनं आतून हाक मारली, पुरण थंड होत होतं.